'हौशी' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. पटकथेआधी ट्रीटमेंट, म्हणजे सगळी गोष्ट प्रसंगांच्या क्रमाने साध्या गद्यात, लिहावी, असं मी एका लेखात म्हटलं. त्यावर नाव न देता तुम्ही लिहिलंत : "ट्रीटमेंट म्हणजे चालढकल. असले सोपस्कार हौशी लोकांना लागतात, खरा लेखक थेट सीन लिहायला बसतो. शिवाय ३० पानं वाचतो कोण? निर्माता तर नाहीच."

पानांचं मान्य. १०-१२ पानांतही काम होतं. झालं समाधान?

आता 'हौशी'. मतभेद असू द्या, पण हा शब्द तुम्ही गोव्यात बसून शिवीसारखा वापरताय. इथलं मराठी नाटक जगवलं कुणी? दिवसभर शाळेत, बँकेत राबून रात्री तालमीला उभ्या राहणाऱ्या माणसांनी. देवळांतल्या कालोत्सवातली नाटकं त्यांची, कला अकादमीच्या स्पर्धेतलीही त्यांचीच. मी त्यांच्यातलाच, आणि त्यात लाजण्यासारखं मला काही दिसत नाही. उलट इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ साली गोव्यात आल्यापासून दर वर्षी पणजीत "थेट लिहायला बसलोय" म्हणणारे भेटतात. त्यांची पटकथा मध्यंतराच्या अलीकडेच अडकलेली असते. तुमची कुठवर आलीय, ते विचारत नाही.

माझं बालपण पेडण्यातलं. मामा दशावतारात काम करायचे. संवादांची वही नाही, रात्रभर बोलायचं ते सगळं आयत्या वेळचं. पण तोंडाला रंग लावता लावता आख्यान ठरायचं : कुणामागून कुणी यायचं, युद्ध कधी, कुणाला कधी मारायचं. एवढं पक्कं असायचं म्हणूनच पुढे जीभ मोकळी सुटायची. त्या नटांना जाऊन सांगा, तुम्ही चालढकल करता म्हणून.

माझ्या पटकथेतला नायक डिचोलीचा ट्रकमालक, खाणीतलं खनिज वाहणारा. २०१२ साली खाणी बंद पडतात, हप्ते थकतात, ट्रक दारात गंजत उभा. ट्रीटमेंटमध्ये संवाद जवळजवळ नाहीतच, सगळं वर्तमानकाळात, नुसतं काय घडतं ते. तिसऱ्याच पानावर लक्षात आलं की ट्रक विकल्यावर या माणसाला करण्यासारखं काही उरत नाही. पुढचा तासभर तो फक्त सोसतोय. विक्री शेवटाकडे नेली, आणि तो ट्रक वाचवायला धडपडू लागला. थेट सीन लिहिले असते तर हप्त्यांवरून नवरा-बायकोचं भांडण मी असं रंगवलं असतं की नंतर ते कापायला हात धजला नसता. पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळमानाने पडद्यावरचं एक मिनिट. साठ पानं फेकायची की तीन परिच्छेद हलवायचे, हिशेब तुम्हीच करा.

निर्मात्यांचा मुद्दा सोडून देतो. त्यांच्यासाठी ट्रीटमेंट लिहा असं मी म्हटलंच नव्हतं, पण लेख शेवटपर्यंत वाचण्याची अपेक्षा कुणाकडून ठेवायची?

पुढच्या वेळी नावानिशी लिहा. पटकथा असेल तर तीही पाठवा, वाचेन. सोबत गोष्ट दोन पानांत सांगितलीत तर आधी ती वाचेन.