आषाढीला साधक, कार्तिकीला सिद्ध

आषाढीला नेम धरलात, श्रावण उजाडला, आणि अजून साक्षात्काराचा पत्ता नाही? मग तुम्ही फारच रमतगमत चाललाय.

आधी ती तुळशीची माळ देव्हाऱ्यात ठेवून द्या. 108 मणी, त्यातले 8 चुकभुलीचे, मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. या कारभारात माणूस म्हातारा होतो. त्यापेक्षा बोटात घालायचं जपयंत्र आणा. अंगठा दाबला की आकडा वाढतो. मुखात नाम होतं की फ्लॅटचे भाव, हे त्याला कळत नाही, हा त्याचा मोठा गुण. समर्थांनी टाकळीला 12 वर्षांत 13 कोटी जप केला म्हणतात, म्हणजे दिवसाला 30 हजारांच्या आसपास. विरार-चर्चगेटच्या एका फेरीत आपला अंगठा 5 हजार सहज काढतो. सवय मात्र लागते. मागे मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "यंदाचा आकडा काय?" मी म्हणालो, "अकरा हजार चारशे."

गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण, हविष्यान्न, चटईवर डाव्या कुशीला झोप, हे सगळं आजीच्या काळचं. कानात हेडफोन घालून दीडपट वेगाने ऐका. पोथीतला सिद्ध आपल्या शिष्यावर, नामधारकावर, खेकसतोय असं वाटतं, पण रविवारी दुपारपर्यंत बरंच उरकतं.

मग अनुभव येतीलच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घेतलीत की रात्री पोटातून वर जे सरकतं, ती कुंडलिनी. लगेच भावकीच्या ग्रुपवर कळवा आणि दुसऱ्या दिवसापासून इतरांना मार्गदर्शन सुरू करा. वैराग्यही दिसलं पाहिजे. चहाचा कप विसळायला सांगितला तर "मी आता यात नाही" म्हणायचं. चहा घ्यायचा.

एक धोका तेवढा आहे. नामदेवांच्या हातचा नैवेद्य साक्षात विठ्ठल खायचा. तरी मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी मडकी ठोकायचं थापटणं घेऊन एकेका संताचं डोकं ठोकून पाहिलं, नामदेव तेवढे चिडले आणि कच्चं मडकं ठरले. पुढे बिचाऱ्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांना गुरू करायला जावं लागलं. तेव्हा तुम्ही अशा चौकस मंडळींपासून चार हात लांबच राहा.

घरातल्यांपासून कसं राहायचं, ते मला अजून जमलेलं नाही. परवा मी ध्यानात असताना दूध उतू गेलं. मी शांत. साक्षीभावाने करपल्याचा वास घेत होतो. बायको बाहेरून आली, गॅस बंद केला आणि एवढंच म्हणाली, "अहो, नाकाने तरी जागं राहायचं होतं." यात चिडण्यासारखं काय होतं? पण मी असा काही ओरडलो की शेजाऱ्यांनी बेल वाजवली. मूठ आवळली गेली होती. उघडून बघतो तर यंत्रावर शून्य.

रीसेटचं बटण अंगठ्याच्या अगदी शेजारी असतं. विकत घेताना तेवढं बघून घ्या.