कुत्री जंगलात सोडून गाव मोकळं होत नाही

विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. सुप्रीम कोर्टाचाच आदेश आहे, नसबंदी म्हणजे पैशाची नासाडी, गाडी लावून सगळी मोकाट कुत्री उचला, जंगलात सोडा नाहीतर निवाऱ्यात टाका, महिन्याभरात गाव मोकळं होईल, असा त्याचा आशय.

त्यामागची भीती खरी आहे. लेकराच्या पायाचा लचका तोडला गेला किंवा बांधलेली शेळी फाडली गेली, तर कुणाच्याही मनात हेच येईल. पण सांगितलेला उपाय त्या लेकराला वाचवत नाही.

आधी आदेशाचं बघू. दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात न्या, हा ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश होता. २२ ऑगस्टला कोर्टानंच तो बदलला: नसबंदी करा, रेबीजची लस टोचा आणि जिथून उचललं तिथेच सोडा, पिसाळलेली आणि अंगावर धावून येणारी तेवढी वगळा. नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारातली कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं. यात जंगलाचं नाव कुठंच नाही.

आणि जंगल म्हणजे कोणतं? ताडोबा, टिपेश्वर, मेळघाट? कोंबडीच्या दुकानामागे वाढलेलं कुत्रं तिथं सोडलं की काही उपाशी मरतात, काही बिबट्याच्या तोंडी जातात. उरलेली टोळीनं चितळाच्या पाडसांमागे लागतात, नाहीतर बफरमधल्या, म्हणजे जंगलाला लागून असलेल्या पट्ट्यातल्या, पहिल्या गावात शिरतात. म्हणजे आपली कटकट आपण दुसऱ्याच्या गोठ्यात नेऊन बांधली. शिवाय बिबट कुत्र्यांच्या मागे वस्तीपर्यंत येतो, हे जंगलकाठच्या माणसाला सांगायला नको. त्याहून मोठा धोका रोगाचा. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या साथरोगाच्या विषाणूनं १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीतले जवळपास एक तृतीयांश सिंह गेले. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, त्यांतही हाच विषाणू सापडला. लस न टोचलेल्या कुत्र्यांत तो सहज पसरतो. ताडोबातले रानकुत्रे तर कुत्र्यांच्याच कुळातले.

निवाऱ्याचं गणित अमेरिकेकडे बघून कळतं. तिथं निवारे भरपूर, पैसा भरपूर, तरी घर न मिळालेली लाखो कुत्री-मांजरं दरवर्षी इंजेक्शन देऊन मारली जातात. आपल्याकडे ग्रामपंचायतीला दिव्यांचं वीजबिल भरताना नाकीनऊ येतात. शंभर कुत्र्यांचं रोजचं खाणं, डॉक्टर, साफसफाई कोण बघणार? एका शेडमध्ये कोंडली की पार्व्हो हा कुत्र्यांचा जीवघेणा साथरोग सगळ्यांना गाठतो. तो निवारा नव्हे, सावकाश दिलेलं मरण आहे.

नसबंदी फसते, यात तथ्य आहे, पण ती अर्धवट केली तर. दहा कुत्र्या धरून फोटो काढला आणि बाकीच्या सोडल्या, तर पुढच्या वेतात संख्या भरून निघते. लसीचंही तसंच. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माणसाला रेबीज होतो तो जवळजवळ नेहमी कुत्र्याकडूनच, आणि लक्षणं दिसल्यावर सहसा कुणी वाचत नाही. लसवलेली कुत्री हाकलली आणि उकिरडा तसाच ठेवला, तर त्या जागी बिनलसीची येतात.

व्हॉट्सअॅपवरचा तो मजकूर एका गोष्टीवर गप्प आहे: ही कुत्री येतात कुठून? मादी पिल्लं पोत्यात घालून बाजाराच्या गावी, ढाब्यामागे सोडणारी माणसं आपल्यातलीच आहेत. रोही आणि रानडुकरं हाकलायला शेताच्या जागलीवर नर कुत्रा हवा, मादी नको. शहरातून हौसेनं आणलेला लॅब्रेडॉर म्हातारा झाला की हायवेवर उतरवणारेही आहेतच. पाळलेल्या जनावराची नसबंदी मालकानं केली, तर निम्मी पोती रिकामी राहतील.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे, ग्रामपंचायतीचीही. एकट्या गावाला झेपत नसेल तर पाच-सहा गावांनी मिळून पंचायत समितीकडे मागणी करावी. शस्त्रक्रिया मात्र जीवजंतु कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडूनच व्हायला हवी. कुत्र्या भादव्यात माजावर येतात आणि दोन महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास, वितात. म्हणून हा विषय १५ ऑगस्टच्या नाही, १ मेच्या ग्रामसभेत घ्या. पावसाळा लागायच्या आत तारीख मिळायला हवी.