मुंबईच्या कोऑर्डिनेटर साहेबांचा वेळ वाया घालवू नका

इन्स्टाग्रामवर मेसेज येतो, "हाय डिअर, तुमचा फेस एकदम फ्रेश आहे, मोठ्या ब्रँडला असाच हवा होता." पाठवणारे, मॉडेलिंगची कामं मिळवून देणारे कोऑर्डिनेटर साहेब मुंबईचे, ब्रँड टीव्हीवर रोज दिसणारा, आणि तुम्ही अमळनेरला, शहाद्याला नाहीतर भुसावळला. अशा वेळी काही जण शंका काढत बसतात आणि साहेबांचा खोळंबा होतो. त्याच दिवशी त्यांना आणखी कितीतरी फ्रेश चेहऱ्यांचं भलं करायचं असतं. तेव्हा त्यांच्या सोयीसाठी हे थोडं मार्गदर्शन.

सगळ्यात आधी, चौकशा नकोत. प्रोफाइलवरची तीन टिंबं दाबली की खात्याची माहिती उघडते: खातं कधी सुरू झालं, कोणत्या देशातून चालतं, आधी किती वेळा नाव बदललं. तिकडे बोटही नेऊ नका. निळी टिक दिसली की हात जोडा. 2023 पासून ती भारतात दरमहा वर्गणी भरून घेता येते, ही बाब मनावर घेऊ नका. साहेबांच्या पानावरच्या मॉडेलचा फोटो गूगल लेन्सला तर मुळीच दाखवू नका. ती बाई भलत्याच देशातल्या कपड्यांच्या कॅटलॉगमध्ये भेटली तर उगाच मन खट्टू व्हायचं. ब्रँडच्या वेबसाइटवरून ऑफिसचा नंबर काढून तिथे विचारणं म्हणजे साहेबांच्या पाठीत सुरा. खात्रीच करायची तर त्यांनीच दिलेल्या नंबरवर फोन लावा. शंभर टक्के खात्री होते.

आता पैशाचं. मॉडेलला पैसे मिळायचे असतात की मॉडेलकडून मिळवायचे असतात, या वादात पडू नका. रावेरकडे व्यापारी केळीच्या बागेत येतो, घड पाहतो, भाव सांगतो. घड दाखवायची फी शेतकऱ्याने भरल्याचं कुणी ऐकलं नसेल. पण चेहऱ्याचा बाजार वेगळा. इथे समजा आधी 1,499 रुपये रजिस्ट्रेशन, मग पोर्टफोलिओचे, म्हणजे फोटोंच्या अल्बमचे, 12,000, मग आर्टिस्ट कार्ड, मग कॉस्च्युमचं डिपॉझिट आणि त्या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. सगळं 'रिफंडेबल'. पहिली रक्कम लहान का, असं विचारू नका. 1,499 भरलेला माणूस ते वाचवण्यासाठी 12,000 भरतो आणि 12,000 गेलेला त्यापुढचे 20,000. धंद्याचं गणित तिथेच आहे. एकदम मोठी रक्कम मागितली असती तर तुम्ही घरी विचारलं असतं.

पावतीवर जीएसटी क्रमांक असेल तर तो मोजू नका. तो 15 अक्षरांचा लागतो, महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होतो, पुढची दहा अक्षरं म्हणजे धंदेवाल्याचा पॅन. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते फुकटात दिसतं. ग्लॅमरच्या कंपनीऐवजी तिथे भलत्याच माणसाचं सिमेंटचं दुकान निघालं तर साहेबांनी तोंड कुठे लपवायचं? आणि "मानधन पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं म्हणाले की लगेच टाका. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन टाकला की पैसे जातात, असं बँकवाले कधीचे ओरडताहेत. ओरडू द्या.

पोर्टफोलिओवाचून काम मिळतच नाही, यावर श्रद्धा ठेवा, कारण खरी एजन्सी सुरुवातीला जे मागते त्याला दमडी लागत नाही आणि फुकटाला कोण विचारतं? त्याला डिजिटल्स म्हणतात. सकाळी खिडकीसमोर उभं राहायचं, मागे कोरी भिंत, अंगावर साधा, अंगाबरोबरचा टी-शर्ट आणि जीन्स, केस मागे बांधलेले, मेकअप नाही, फिल्टर नाही. चेहरा समोरून, दोन्ही बाजूंनी, थोडा वळवून. मग पूर्ण उंचीचा समोरून आणि पाठीमागून. फोन दुसऱ्याच्या हातात, छातीच्या उंचीवर, आठ-दहा फुटांवरून, कारण सेल्फीत कॅमेरा जवळ असल्याने नाक मोठं दिसतं आणि वरून काढलेल्या फोटोत पाय आखूड. सोबत अनवाणी मोजलेली उंची सेंटिमीटरमध्ये आणि बाकीची मापं खरी. बस. एजन्सी पुढे मिळालेल्या कामातून टक्केवारी कापून घेते. काम नाही तर तिलाही काही नाही. इतकी रूक्ष पद्धत. तिच्यात ना पोर्टफोलिओ पॅकेज, ना दिवाळी ऑफर.

जवळची कामं तर बघूच नका. नंदुरबारहून ताप्ती लाइनने सुरत गाठता येतं, तिथे साड्यांचे कॅटलॉग शूट चालतात, दिवसाच्या नाहीतर नगाच्या हिशोबाने पैसे मिळतात. जळगावच्या सराफांना आणि साडीवाल्यांना होर्डिंगसाठी चेहरे लागतात, अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओंना तर लागतातच. पण यात थरार काय? दुकानाला पाटी असते, फोटोग्राफरच्या स्टुडिओला पत्ता असतो आणि त्याच्याकडे आधी काम केलेली पोरगी तुमच्या मावशीच्या गल्लीत राहते. तिला विचारलं तर पैसे किती दिवसांनी दिले तेही सांगेल. अशाने माणसं हुशार होतात.

करार आला तर शेवटच्या पानावर सही करा, मधली पानं साहेबांनी वाचलेली असतात. 'सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी' ही ओळ दिसली तरी अडखळू नका. फोटो फक्त ॲपवर वापरणार की होर्डिंगवरही, सहा महिने की वर्ष, त्यावरून एआयने नवे चेहरे बनवणार का, असले प्रश्न विचारून आणि उत्तरं लेखी घेऊन ठेवणाऱ्यांना पुढे भाव वाढवून मागायची खोड लागते. मधेच काम सोडलं तर दोन लाख दंड, असं कलम असेल तर उलट खूश व्हा. तुमची किंमत कुणीतरी केली.

फोटो मागतील तेव्हा "क्वालिटी जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगतील. ऐका. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातली जागेची नोंद गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला आणि कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल, तर तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश साहेबांना घरपोच. आधार पूर्ण द्या. शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार यूआयडीएआय फुकट देतं, पण त्यावर साहेबांना तुमच्या नावाने सिम कसं काढता येणार? ते निघालं की नाही हे संचार साथी या सरकारी पोर्टलवर तपासता येतं, म्हणून तिकडेही जायचं नाही. "आमचं कास्टिंग ॲप टाका" म्हणून लिंकवरून एपीके, म्हणजे ॲपची फाइल, आली आणि ती तुमचे एसएमएस वाचायची परवानगी मागू लागली, तर द्या. ओटीपी वाचायचा तुमचा त्रास तेवढाच कमी.

यानंतर येते 'लुक टेस्ट'. रात्री साडेअकराला, व्हिडिओ कॉलवर, त्यांचा कॅमेरा बिघडलेला, तुमचा सुरू. कपड्यांबद्दलच्या सूचना हळूहळू वाढत जातात. मापं कागदावर आधीच दिलेली असताना हे कशाला, असं मनात आलं तर ते मनातच ठेवा. वय 18 च्या आत असेल तर खरी एजन्सी पालकांची सही मागते. साहेब मात्र "घरी सरप्राइज देऊ" म्हणतात. किती हा जिव्हाळा!

भेटायला बोलावलं की रात्रीच्या गाडीने एकटेच निघा. अंधेरीच्या आरामनगरात दिवसाढवळ्या, चार लोकांच्या रांगेत, फी न घेता ऑडिशन होतात. म्हणजे त्या हलक्या दर्जाच्या असणार. साहेबांचा पत्ता कल्याण येईपर्यंत ऑफिसचा असतो, दादरला उतरेपर्यंत हॉटेलच्या रूमचा होतो. भावाला सोबत नेऊ नका, तो खाली चहा पीत बसला तरी साहेबांना अस्वस्थ वाटतं. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन एका वेळी आठ तासांपर्यंत चालतं, ते आईला पाठवलं तर तिची झोप जाईल. गल्लीत "आते पोरगी हिरॉइन व्हयनी!" असं आधीच सांगून ठेवा, म्हणजे परत फिरायची लाज वाटेल. साहेबांची सगळी भिस्त या लाजेवर असते.

शेवटी कधीतरी मेसेज येतो: 25,000 पाठवा, नाहीतर लुक टेस्टची क्लिप नातेवाइकांना जाईल. लगेच पाठवा. एकदा पाठवले की पाठवणारा गिऱ्हाईक आहे हे कळतं आणि पुढच्या आठवड्यात आकडा वाढतो. मग चॅट डिलीट करा, नंबर आणि स्क्रीनशॉट पुसा, म्हणजे पोलिसांना काम उरणार नाही. 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करू नका. लवकर केला तर पैसा पुढच्या खात्यांत पसरायच्या आत गोठवला जाऊ शकतो. तिथे यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक विचारतात, ॲपमध्ये तो समोरच असतो, पण शोधायचा कंटाळा करा. खंडणीला भारतीय न्याय संहितेत कलम 308 आहे, खासगी चित्रणाला आयटी कायद्यात 66ई आहे, आणि गुन्हा मुंबईत घडला असला तरी चोपड्याच्या ठाण्यातही झिरो एफआयआर नोंदवता येतो, हे सगळं वकिलांसाठी ठेवा. स्टॉपएनसीआयआय नावाची साइट 18 वर्षांवरच्या माणसाच्या क्लिपचा फक्त डिजिटल ठसा त्याच्याच फोनवर तयार करते आणि सहभागी कंपन्या त्यावरून ती क्लिप अडवू शकतात. क्लिप कुणाला पाठवावीही लागत नाही. इतकं सोपं असेल तर त्यात काहीतरी गोम असणार, असं समजा. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा शंका घ्यायची ती इथे.

मग महिन्याभराने टेलिग्रामवर एक सद्गृहस्थ येतात. ते सायबर सेलचे, किंवा वकील, किंवा हॅकर. तुमचे गेलेले सगळे पैसे त्यांना पत्त्यासकट सापडलेले असतात, फक्त सोडवून आणायचे बाकी. फी 10 टक्के, आधी भरायची. तुमचा नंबर त्यांना कुणी दिला, हे विचारणं बरं दिसत नाही.