विंडमिल फेकीचा वेग मनगटात नसतो

फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये हाताचे पूर्ण वर्तुळ फिरवून चेंडू खालून फेकतात; हीच विंडमिल फेक. नव्या पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, एक सूचना हमखास मिळते: हात डोक्यावर असताना तळवा दुसऱ्या बेसकडे, म्हणजे मागे, ठेवा, तिथून चेंडू खाली दाबत आणा, सोडताना मनगटाचा जोरदार झटका द्या, मग कोपर कॅचरला (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याला) दिसेल असे उचलून हात खांद्यापाशी संपवा आणि त्याच वेळी कंबर झटक्यात बंद करा. फेक खालून असल्यामुळे खांद्याला काही होत नाही, असे आश्वासनही जोडीला असते. उत्तम पिचर प्रत्यक्षात जे करतात त्याच्याशी यातला बराचसा भाग जुळत नाही.

मनगटापासून सुरुवात करू, कारण सगळा भर तिथेच दिला जातो. मनगट वाकवणारे स्नायू अग्रबाहूत (कोपर ते मनगट या भागात) असतात आणि दंड, छाती व पाठीच्या स्नायूंपुढे ते फारच लहान आहेत; शिवाय चेंडू सुटण्याच्या टप्प्यात हात इतक्या वेगाने जात असतो की मुद्दाम झटका देऊन तो त्या क्षणी साधणे जवळपास अशक्य असते. खरा वेग येतो तो साखळीतून. पुढचा पाय रोवला जातो, धड थबकते, दंड बरगड्यांजवळ येऊन मंदावतो, आणि त्या मंदावण्यामुळेच अग्रबाहू पुढे फेकला जातो. त्याच वेळी दंडाचे हाड खांद्याच्या सांध्यात आतल्या बाजूस फिरते आणि अग्रबाहूही आत वळतो. प्रशिक्षक याला इंटर्नल रोटेशन म्हणतात. मनगट यात सैल राहून मागे रेंगाळते आणि शेवटी आपोआप सरळ होते. जो झटका डोळ्यांना दिसतो तो या क्रियेचा परिणाम आहे, आणि परिणामालाच कारण समजून जवळून नुसते मनगट हलवण्याचे सराव तासन्‌तास करून घेतले जातात.

तळवा दुसऱ्या बेसकडे ठेवण्याचा तोटा इथेच कळतो. हात माथ्यावरून मागे, म्हणजे घड्याळाच्या १२ वरून ९ वर येताना दंड बाहेरच्या बाजूस वळलेला हवा. उजव्या हाताच्या पिचरचा तळवा त्या वेळी तिसऱ्या बेसकडे, म्हणजे उजवीकडे, किंवा आकाशाकडे असतो. तळवा दुसऱ्या बेसकडे ठेवला की दंड आधीच आत वळतो आणि पुढे फिरवण्यासाठी काही उरत नाही. मग चेंडू ढकलणे एवढाच मार्ग राहतो. हात ताठ ठेवण्याचा आग्रहही त्याच जातीचा: लांब हात म्हणजे जास्त वेग हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो, पण ताठ कोपराच्या हाताला चाबकासारखे सुटता येत नाही. कोपर किंचित वाकलेले आणि हात सैल हवा.

कोपर वर उचलून संपवण्याला ‘हॅलो एल्बो’ असे नाव पडले आहे. चेंडू बोटांतून सुटल्यावर हाताने काहीही केले तरी चेंडूला त्याचा पत्ता नसतो, म्हणून शेवटच्या मुद्रेने वेग वाढणे शक्य नाही. मात्र ती मुद्रा गाठायचीच असे ठरवून फेकणारी पिचर सोडण्याच्या आधीपासूनच हात वर ओढू लागते, आणि चेंडू उंच जातो. हे शिकवणाऱ्यांत चांगले खेळलेले लोकही असतात, हे मान्य. पण आपण काय करतो असे खेळाडूला वाटते आणि तो खरोखर काय करतो, यांत अंतर असू शकते. मोबाइलच्या संथगती चित्रणात सोडण्याच्या आधीची आणि नंतरची चौकट पाहावी: चांगल्या फेकीत अग्रबाहू कमरेला घासून जातो आणि अंगठा बाहेरून आत वळलेला दिसतो.

कंबर बंद करण्याबद्दल थोडक्यात. चेंडू सुटताना कंबर अर्धवट उघडी असते. ती आधीच बंद झाली तर हाताच्या वाटेत येते आणि हात तिला वळसा घालून जातो. ती फेकीनंतर आपसूक बंद होते, तेवढे पुरे.

उरले खांद्याचे आश्वासन, आणि ते सर्वांत घातक आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जैवयांत्रिक अभ्यासात विंडमिल फेकीच्या वेळी खांदा व कोपरावर येणारे कमाल बल शरीराच्या वजनाच्या ७० ते ९८ टक्के इतके मोजले गेले. फिरणारा हात सांध्यातून बाहेर खेचला जात असतो आणि त्याला धरून ठेवण्यात दंडाच्या पुढच्या स्नायूवर, बायसेप्सवर, मोठा ताण येतो; खांद्याच्या पुढच्या भागातील दुखणे पिचरमध्ये वारंवार आढळते, त्याचे हे एक कारण मानले जाते. एकाच पिचरला एका दिवसात लागोपाठ सामने खेळवताना ‘खालूनच तर फेकते’ हे कारण पुढे केले जाते, तेव्हा विश्रांतीचा प्रश्न विचारलाच जात नाही. तंत्र सुधारल्याने हा ताण नाहीसा होत नाही, म्हणून फेकींची मोजणी आणि सामन्यांमधील विश्रांती योग्य तंत्राच्या पिचरलाही लागतेच.