हातमोजे फोटोपुरते

शहरात कचरा भरपूर आणि बेकारही भरपूर. ही दोन दुखणी एकमेकांच्या गळ्यात बांधली की दोन्ही बरी होतात, असं ज्याला प्रथम सुचलं त्याला माझा दंडवत. तुम्हालाही गोरगरिबांसाठी स्वच्छतेचं कौशल्य प्रशिक्षण शिबिर भरवायचं असेल, तर अशी दोन-चार शिबिरं मागच्या खुर्चीवर बसून पाहिलेल्या माणसाचं जरा ऐका.

हॉल एसीच घ्या. कचऱ्याचं शिक्षण कचऱ्यापाशी देण्याचा वेडेपणा करू नका. वास येतो, पाहुणे लवकर उठतात. पाण्याच्या बाटल्या मात्र प्लॅस्टिकच्याच, अर्ध्या लिटरच्या ठेवा. त्या गोळा करायला प्रशिक्षणार्थी असतातच, प्रात्यक्षिकाचा वेगळा खर्च पडत नाही.

मग प्रशिक्षक. तो तरुण असावा, लॅपटॉपवाला असावा आणि ओल्या कचऱ्याला त्याने हात लावलेला नसावा. म्हणजे त्याचं मन विषयाकडे स्वच्छपणे बघतं. समोर बसणार पंचवीस वर्षं कचरा वेचणाऱ्या बायका. त्यांना त्याने ओला, सुका, घरगुती घातक असे कचऱ्याचे प्रकार रंगीत चित्रांतून समजावून सांगावेत.

यात एक धोका आहे. एका शिबिरात प्रशिक्षकाने दोन पिशव्या दाखवून विचारलं, यातली पुन्हा वापरात येणारी कोणती? पुढच्या रांगेतल्या मावशींनी दोन्ही घेतल्या, एकेक कानाशी नेऊन चुरगाळली. "ही वाजतीय. वाजती ती भंगारवाला घेत न्हाई. ही दुधाची, मऊ हाय, ती घेतो." साहेब 'व्हेरी गुड' म्हणाले आणि नेमका हाच मुद्दा असलेल्या पुढच्या तीन स्लाइड भराभर पुढे ढकलल्या. अशा वेळी ताबडतोब चहा जाहीर करावा.

पुण्याचं उदाहरण देण्याचा मोह आवरा. तिथल्या कचरावेचकांनी 1993 मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना काढली, पालिकेची मोहर असलेली ओळखपत्रं मिळवली आणि 2008 मध्ये 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था उभी करून दारोदारचा कचरा गोळा करण्याचं काम घेतलं. प्रशिक्षण द्या म्हणून त्या अडून बसल्या नव्हत्या. ही माहिती एसीत ऐकली की माणसाच्या डोक्यात भलतंसलतं येतं.

सुरक्षेचं सत्र जेवणानंतर ठेवा, सगळे पेंगतात. गटारातल्या वायूबद्दल सांगायचंच असेल तर एवढंच सांगा, की सडक्या अंड्यासारखा वास आला की सावध व्हा. वायू फार वाढला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, हे मधेच कुणाला बोलू देऊ नका. संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख केली. एवढी तजवीज असताना हातमोज्यांची घाई कशाला?

हातमोज्यांचा एक जोड पुरतो. आळीपाळीने घालायचा, फोटो काढायचा, पुढच्या बाईला द्यायचा. माप सर्वांत मोठं घ्या, फोटोत उठून दिसतं. मावशींनी तो घालून पिशवीची गाठ सोडून बघितली. सुटेना. मोजा काढून त्यांनी नखाने गाठ सोडली. आत फुटलेला बल्ब आणि वर्तमानपत्रात अर्धवट गुंडाळलेले सॅनिटरी पॅड होते.

कचरा घरातच वेगळा करायचा आणि पॅड नीट गुंडाळून द्यायचे, ही नियमांनी 2016 पासूनच कचरा करणाऱ्यावर टाकलेली जबाबदारी. पण म्हणून सोसायटीतल्या लोकांचं शिबिर भरवायला जाल, तर खबरदार. ते शिकलेले असतात. शिवाय त्यांना वेळ नसतो. मावशींना असतो, तीन दिवसांची कमाईच काय ती बुडते, आणि त्यावर वडापाव आहे. जी येणार नाही तिच्या नावापुढे 'उदासीन' लिहा.

आता अहवाल. शिबिरानंतर किती जणींना काम मिळालं, हा रकाना बघून घाबरू नका. आधी त्या कचरा वेचत होत्या, नंतरही वेचतात. शंभर टक्के रोजगार! बेकार पोरांनाही बोलावलं होतं खरं, पण ती पहिल्या दिवशीच पगार किती ते विचारून निघून गेली. त्यांचा रकानाच ठेवू नका.

प्रमाणपत्र इंग्रजीत, सोनेरी किनारीचं आणि लॅमिनेट केलेलं द्या. मावशींनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं, कोपरा नखाने उचकटून पाहिला. "कोरा कागद आसता तर पांढऱ्या रद्दीत गेला आसता," त्या म्हणाल्या, "ह्याला आता कोन घेनार?" आणि पिशवीत, बाटल्यांपासून वेगळं, ठेवून दिलं.