ओल कुठल्या बाजूची?

चिपळूणचा माझा मामेभाऊ घर बांधतोय. परवा त्याचा व्हॉइस मेसेज आला. "ताई, तिकडे भिंतीला आतून प्लास्टिकचा कागद लावतात म्हणे, ओल धरू नये म्हणून. आपण लावायचा का? इंजिनीअर लावू म्हणतो, काका म्हणतात भिंतीचा श्वास कोंडेल." तोवर फॅमिली ग्रुपवर दोन तट पडले होते. एकीकडे 'जर्मन टेक्नॉलॉजी', दुसरीकडे 'आपल्या पूर्वजांना सगळं कळत होतं'. मी म्युनिकजवळ राहते, त्यामुळे माझं मत पहिल्या तटाने गृहीतच धरलेलं.

मी लिहिलं, "लावू नकोस." काका खूश झाले. पण काकांचं कारणही मला पटत नाही, आणि ते ग्रुपवर चार ओळींत मावणारं नाही.

इथल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. भाड्याचं घर जुनं, भिंती होत्या तशाच, खिडक्या मात्र नव्या, घट्ट बसणाऱ्या. फेब्रुवारीत कपाट पुढे ओढलं तर मागच्या कोपऱ्यात काळे ठिपके, मोहरी सांडल्यासारखे. घरमालकाने हातात हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता टक्क्यांत दाखवणारं यंत्र, ठेवला आणि सुनावलं, तुम्ही स्वयंपाक फार करता, खिडक्या कमी उघडता. दिवसातून तीन-चारदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, बाहेर बर्फ पडत असला तरी. याला जर्मनमध्ये खास शब्द आहे, 'श्टोसल्युफ्टन'.

माझ्या कुकरवर खापर फोडल्याचा तेव्हा भयंकर राग आला होता. हिशोब नंतर कळला. खोलीत २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असली की हवा छान कोरडी वाटते. तीच हवा १२.६ अंशांच्या भिंतीला टेकली की तिथली आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते. बुरशीला तेवढं पुरतं, पाण्याचा थेंब दिसावाही लागत नाही. कपाटामागे खोलीची ऊब पोचत नव्हती, कोपरा तेवढा गार होता. जुन्या खिडक्यांच्या फटींतून बाष्प आपसूक निघून जायचं. नव्या खिडक्यांनी ती वाट बुजवली आणि भिंत मात्र गारच ठेवली. तेव्हा कुकरचा दोष मी फार तर पाव आणा मान्य करते.

आता काकांचा श्वास. याच म्युनिकमध्ये एकोणिसाव्या शतकात माक्स फॉन पेटेनकोफर यांनी जवळजवळ हेच मांडलं होतं. आरोग्यशास्त्रातला हा मोठा माणूस. खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड हजारात एक भागापेक्षा जास्त नसावा, ही मर्यादा त्यांचीच. पण विटांच्या भिंतीतून खोलीची हवा बदलते, हा त्यांचा निष्कर्ष पुढच्या मोजमापांत टिकला नाही. हवा बदलते ती फटींतून आणि खिडक्यांतून. माती-चुन्याचा गिलावा हवा दमट झाली की बाष्प पोटात घेतो, कोरडी झाली की सोडतो. उपयोगाचा आहेच. पण त्याला फार तर स्पंज म्हणा, फुप्फुस नको.

आणि कागद? इथे हिवाळ्यात घरात उबदार, बाष्पाने भरलेली हवा असते आणि बाहेर शून्याखाली. बाष्प आतून बाहेर निघतं आणि वाटेत गार जागा लागली की त्याचं पाणी होतं. म्हणून अडसर आतल्या, उबदार बाजूला. कोकणात जुलैत बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता हे रोजचंच. त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं तो, २५ अंशांच्या आसपास येतो. आत एसी २४ वर. म्हणजे बाष्प बाहेरून आत शिरतं, आणि आतल्या बाजूचा कागद त्याला नेमका गार जागी अडवतो. व्हिनाइल वॉलपेपरही हेच करतो; तो सोलला की मागे काय निघतं ते ज्याने पाहिलंय त्याला विचारा.

गंमत म्हणजे उन्हाळ्यात ऊन तापलं की इथेही बाष्पाची दिशा उलटते. म्युनिकच्या दक्षिणेला होल्झकिर्शेन गावात फ्राउनहोफर संस्थेचं इमारत-भौतिकीचं केंद्र आहे. तिथे भिंतींचे नमुने उन्हापावसात उभे करून आतली ओल मोजतात. तिथल्याच हार्टविग क्यून्झेल यांनी नायलॉनच्या जातीचा एक पडदा शोधला, जो हिवाळ्यात बाष्प अडवतो आणि दमट दिवसांत त्याला वाट देतो. जर्मन टेक्नॉलॉजीच्या नावाने ग्रुपवर भांडणाऱ्यांना हा पडदा माहीत नाही.

आपल्याकडचा वाद मात्र अंशांवरच अडतो. २०२५च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसी २० ते २८ अंशांतच चालवू देण्याची गोष्ट काढली, तेव्हा ग्रुपवर आठवडाभर धुमाळी होती. दमटपणाचं नाव कुणी काढलं नाही. २०१८ची इको निवास संहिता, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीची केंद्राची नियमावली, भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटर १५ वॉटची मर्यादा घालते. तीच संहिता उष्ण-दमट भागात उघडणाऱ्या खिडक्या चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असाव्यात म्हणते. दोन्ही अटी शहाण्या आहेत. पण एसी घेतलेला माणूस त्या खिडक्या लावून घेतो, आणि मग त्या भिंतीचं काय होतं हा प्रश्न उरतोच.

भावाला कळवलं: छज्जे रुंद ठेव, स्लॅबवर उष्णता अडवणारा थर वरून टाक, आतून चुन्याचा गिलावा कर. आणि एक हायग्रोमीटर घे.

घेतला. काल भाड्याच्या खोलीतला फोटो पाठवला, आकडा ९१. खाली प्रश्न: "ताई, खिडकी उघडू की लावू?"

बाहेर धो धो पाऊस. अजून उत्तर दिलेलं नाही.