सगळ्याच गाड्या गणपतीतली कोकणकन्या नसतात

मेची सुट्टी जवळ आली की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. 'युरोप-जपानला जाणार असाल तर रेल्वेची सगळी तिकिटं इथूनच काढून निघा. ऐनवेळी जागा मिळत नाही, मिळालीच तर तिप्पट भाव पडतो. नाहीतर सरळ पास घ्या, मग काही बघायला नको. आणि तिथल्या मशीनमध्ये आपली कार्डं चालत नाहीत.' नौपाड्यातले काका तो घोडबंदरच्या भाचीला पाठवतात आणि भाची घाबरून एजंटला फोन लावते.

जागा मिळत नाही, हे पहिलं. साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला आयआरसीटीसी उघडून बसणाऱ्यांना हे लगेच पटतं. पण स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रियातल्या बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्तीच नाही. ठाण्याहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलचं तिकीट कधी संपलंय का? तसंच. इंटरलाकेनहून लाउटरब्रुनेनला जायचं तर तिकीट स्टेशनवर पोचल्यावर काढा. सक्ती आहे ती फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोस्सा, युरोस्टार या वेगवान गाड्यांना आणि ग्लेशियर एक्सप्रेससारख्या खास पर्यटकांच्या गाडीला. या कोकणकन्येच्या जातीच्या, त्या आधी काढाव्यात.

जपानमध्ये मेसेज चुकून बरोबर ठरतो. नोझोमी शिंकान्सेनला, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनला, एरवी विनाआरक्षण डबेही असतात, पण गोल्डन वीक (लागोपाठ सुट्ट्यांचा आठवडा), ओबोन (पूर्वजांचा सण) आणि नववर्षाच्या गर्दीत पूर्ण गाडी आरक्षित होते. गोल्डन वीक एप्रिलअखेरीस सुरू होतो, नेमका आपल्या शाळांना सुट्टी लागते तेव्हा.

तिप्पट भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. टीजीव्ही, फ्रेच्चारोस्सा, जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या आयसीई यांचे दर विमानासारखे चढतात. आधी काढलं तर खरंच बराच फरक पडतो. पण इटलीत फ्लॉरेन्सहून पिसाला नेणारी रेजिओनाले, म्हणजे तिथली साधी गाडी घ्या. तिचं भाडं आज काढा वा महिनाभर आधी, तेवढंच. तिथे भीती वेगळी: कागदी तिकिटावर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनचा शिक्का मारला नाही, तर तिकीट असूनही दंड.

शिवाय स्वस्त तिकिटाची दुसरी बाजू मेसेजमध्ये येतच नाही. जर्मनीचं 'श्पारप्राइस' तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. रेल्वेच उशिरा धावली तर ते बंधन सुटतं. पण मुंबईचं विमान फ्रँकफर्टला दोन तास उशिरा उतरलं, तर तिकीट गेलं. म्हणून विमानातून उतरल्यावरची पहिली गाडी कधीही स्वस्त तिकिटावर काढू नये. थोडे जास्त मोजा आणि लवचीक तिकीट घ्या, किंवा तिथेच काढा. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या स्टेशनचंही तसंच आहे. ३,४५४ मीटरवर ढग असले तर समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. सकाळी वरच्या कॅमेऱ्याचं चित्र मोबाइलवर बघून तिकीट काढणारा शहाणा. ठाण्यात बसून तारीख ठरवणारा नशिबावर. ऐन हंगामात गर्दी असते हे मान्य, पण दोन-तीन दिवसांचा अंदाज बघून काढता येतंच की.

पासचा मुद्दा मला सगळ्यात महाग वाटतो. जपान रेल पासची सात दिवसांची किंमत ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाली. तोक्यो ते क्योतो जाऊन-येऊन साधारण २८,००० येन लागतात. म्हणजे तेवढाच प्रवास असेल तर पास हा तोटाच, आणि नोझोमीत बसायला पासवाल्याला वर आणखी पैसे द्यावे लागतात. युरेल या युरोपभरच्या पासचंही 'काही बघायला नको' हे खोटं: फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांत पास असला तरी सीटचं आरक्षण वेगळं, त्याचे पैसे वेगळे. फ्रान्समध्ये पासवाल्यांसाठी जागाही मोजक्याच. स्वित्झर्लंडमध्ये मात्र हिशेब मांडून बघावा. हाफ फेअर कार्डाने बहुतेक भाडी निम्मी होतात आणि सोबत मिळणाऱ्या फॅमिली कार्डावर सोळा वर्षांखालची मुलं आईवडिलांबरोबर फुकट फिरतात. दोन मुलं असलेल्या घराला हा फरक लहान नाही.

राहिलं कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू करून मिळतं. परदेशातला वापर आपणच सुरू करायचा असतो. बँकेच्या ॲपमध्ये ते बटण आहे. निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरताना तेही दाबा.